गोड गहू

उकडलेले गहू, अक्रोड आणि पिठीसाखरेचा वास माडीवर आला, तशी अंथरुणाला खिळलेली रुझाआजी चरकली. बल्गेरियाच्या डोंगरातल्या त्या गावात हे गोड गहू मयताच्या नावानंच शिजायचे.

“पेन्का, कोण गं गेलं?” तिनं सुनेला हाक मारून वर बोलावलं.

“कुणी नाही हो आई! खाली टुरिस्ट जेवायला आलेत, त्यांना अस्सल बल्गेरियन पदार्थ हवेत. रोज काय नुसता चीजचा बानित्साच वाढू?”

“अगं, पहिल्या घासाआधी गेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना करावी लागते. नाहीतर ते गहू वाढू नयेत.”

“कळतं मला. प्रार्थना शिकवते त्यांना. तुम्ही पलंगावरून हुकूम सोडू नका.”

“मग तुझ्या सासऱ्याचं नाव घ्यायला सांग. या ओस गावात त्याचं नाव घ्यायला उरलंय कोण?”

पेन्का खाली गेली. म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि नवऱ्याचं नाव ऐकायला कान टवकारले. खाली चमचे वाजले. पेन्का एकेक शब्द सांगत होती आणि पाहुणे हौसेनं, अडखळत तिच्यामागून म्हणत होते:


“देव... रुझाआजीला... सद्गती देवो.”