चिंचे, तिला सांग

“घट्ट मिठी मार, आजी. अजून घट्ट.”

“अगं, पण चिंचेला? एखादा कडुनिंब तरी बघून द्यायचास की. चिंचेवर काय काय राहतं, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.”

“काही राहत नाही. आणि आता माणसांशी बोलायचं नाही. मनात जे साठलंय ते झाडाला सांगायचं.” उत्कर्षानं आजीच्या डोळ्यांवर बांधलेली ओढणी नीट केली आणि पाचोळा तुडवत ती निघून गेली.

गोदावरी चिंचेला चिकटून उभी राहिली. साल गालाला टोचत होती. कुंभारीच्या पलीकडच्या या बनात तिची नात दर रविवारी लोकांना वनस्नानाला आणायची. सोलापुरातली माणसं मोटारींतून यायची, गप्प चालायची, झाडांना बिलगायची आणि हलकी होऊन परत जायची. वनस्नान म्हणजे अंघोळ नव्हे, हे उत्कर्षानं घरी बजावलं होतं. तरी गोदावरीनं पिशवीत टॉवेल टाकलाच होता. घराबाहेर पडताना टॉवेल असावा. मागं कुठंतरी बँकेतले शिवराजसाहेब झाडाला टेकून चक्क घोरत होते. त्यांचं स्नान झालं होतं.

गोदावरीच्या मनात साठलेलं एकच होतं. तिची थोरली जाऊ मथुराबाई, म्हणजे तिच्या अक्का, पुढच्या आठवड्यात कायमची अकलूजला लेकाकडे चालली होती. उत्कर्षानंच ही बातमी आणली होती. दोघी जावांची दारं एकाच अंगणात उघडायची. नव्या नवऱ्या होत्या तेव्हा दोघी एकाच उखळात शेंगांची चटणी कुटायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. गप्पा चालूच, आणि मुसळाला मुसळ कधी लागलं नाही.

मग गेल्या वर्षी उत्कर्षाचा साखरपुडा झाला. पंगतीत मथुराबाईनं चटणी बोटानं चाखली आणि नव्या व्याह्यांसमोर जाहीर केलं, “मिक्सरातली हाय.”

झालं. तेव्हापासून अबोला. चटणी मिक्सरमधली होतीच. पण म्हणून काय व्याह्यांसमोर बोलायचं?

आधी बोलेल तिचं नाक कापलं जाणार, म्हणून सगळे निरोप उत्कर्षाच्या तोंडून जायचे. “मोठ्या आजीला सांग, पाण्याची मोटर बंद करा म्हणावं.” “तिला सांग, तुजं हात काय मोडलं का?” अंगणाच्या मधोमध उभी राहून पोर बिचारी सांगत राहायची. झाडं बरी, असं ती म्हणायची. ती कुणाला निरोप सांगत नाहीत.

गोदावरीनं खोडाला तोंड लावलं. “चिंचे, अक्कांनी एक शब्द तरी बोलावा गं. मी काही आधी बोलायची नाही. मेले तरी नाही.”

“चिंचे,” खोड बोललं, “तिला म्हणावं, मेल्यावर कोण बोलतं?”

गोदावरीच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे राहतंच काहीतरी चिंचेवर, आणि दिवसाढवळ्या बोलतंसुद्धा! मग वाऱ्याबरोबर ओळखीच्या मिश्रीचा वास आला. भूत काही मिश्री लावत नाही.

ओढणी काढावी तर बघावं लागलं असतं, आणि बघितलं की बोलावं लागलं असतं. तिनं ओढणी तशीच राहू दिली.

“चिंचे, अक्कांना विचार, गुडघे एवढे दुखतात, तर इतक्या लांब आल्या कशाला?”

“तिला सांग, तुज्याच नातीनं जीपमधी घालून आणलं.”

खोडाच्या कडेनं एक हात चाचपडत पुढं आला. हातात चटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा होता. “चिंचे, दे तिला. सकाळधरनं उपाशी असंल. उपाशीपोटी हिचं डोस्कं फिरतं.”

गोदावरीनं तुकडा तोंडात टाकला. त्या निःशब्द बनात भाकरी अशी कडाडली, की शिवराजसाहेबांचं घोरणं क्षणभर थांबलं. गोदावरी चावता चावता थबकली. चटणी तिनं जिभेवर घोळवली.

“चिंचे,” ती सावकाश म्हणाली, “ही मिक्सरमधली आहे.”

पलीकडे पाचोळा सळसळला.

“मनगट धरलंय, चिंचे. लई दुखतंय. मुसळ उचलत न्हाय आता.”

ओढणी ओली झाली. गोदावरीनं हात ताणून खोडाला वेढा घातला. बोटांची टोकं तेवढी पलीकडच्या बोटांना लागली.

“अक्कांना सांग चिंचे, अकलूजला जाऊ नका म्हणावं. चटणी मी कुटीन.”

“अकलूजला? कोन चाललंय अकलूजला?” पलीकडचा आवाज चढला. “हीच चाललीया की मोडनिंबला लेकीकडं, कायमची! म्हनून तर मन हलकं करायला आले मी, ह्या असल्या गुडघ्यांनी!”

“मोडनिंबला? मी?”

दोन्ही ओढण्या एकदम सुटल्या. खोडाच्या दोन बाजूंनी दोन तोंडं पुढं आली. वर्षभरानंतर दोघींनी एकमेकींकडे सरळ पाहिलं. मग दोघींच्या माना एकाच वेळी वळल्या. थोड्या अंतरावर वनस्नानाची मार्गदर्शक एका कडुनिंबाला बिलगून, डोळे गच्च मिटून उभी होती.

“उत्कर्षे!” दोघी एका सुरात ओरडल्या. शिवराजसाहेब दचकून उठून बसले.

उत्कर्षानं मिठी आणखी घट्ट केली.

“कडुनिंबा,” ती म्हणाली, “त्या दोघींना सांग, मी इथं नाही.”