ब्रेकपासून वीतभर

गॅरेजमध्ये चेपलेल्या गाडीपाशी विमा कंपनीचा सर्व्हेअर वाट बघत उभा होता. फाटकाजवळच नवऱ्यानं बायकोला पुन्हा पढवलं, “गाडी तू चालवत होतीस असंच सांग. माझं लायसन्स संपलंय, खरं कळलं तर क्लेम बोंबलला. आणि बाई चालवत होती म्हटलं की खांबाला कशी धडकली हे कुणी विचारतसुद्धा नाही.” शेवटचं वाक्य तिला झोंबलं. सर्व्हेअरनं विचारलं, “चालवत कोण होतं?” ती दार उघडून स्टीअरिंगमागे बसली. पाय ताणूनही ब्रेक वीतभर लांबच राहिला. सर्व्हेअरनं ताडमाड नवऱ्याकडे पाहिलं आणि फाईल मिटली. “अगं, काय करून बसलीस?” नवरा पुटपुटला. तिनं खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली, ब्रेक दाबून पाहिला. “दुरुस्तीचं तुम्ही बघा. पण यापुढे ही सीट इथेच राहील.”