वाघ आणि रसम

माझ्या नातीची, पूंगोडीची सोयरीक ठरायची होती. मुलाची आजी नातवाच्या हट्टापायी मलेशियात तैपिंगला आमच्या घरी आली खरी, पण केळीच्या पानावर वाढल्यावर म्हणाली, “आज उपवास आहे.” आमची जात कळल्यापासूनचा उपवास, दुसरं काय! मी म्हटलं, “विहीणबाई, आपल्या दोघींचे सासरे रबराच्या मळ्यात एका झाडावर अडकले होते. खाली वाघ! त्याला माणसं नकोच होती, माझ्या सासूच्या डब्यातलं रसम हवं होतं.” “थापाडी बाई! आमचे सासरे शिंपी होते. मळ्यात कधी गेलेच नाहीत.” “मग वाघालाच विचारा! नाहीतर चाखून बघा, तो का अडून बसला ते.” हसू दाबत तिनं चाखलं. मग जेवलीसुद्धा. शेवटी सगळे तिच्या हाताकडे बघत राहिलो: पान पलीकडे दुमडलं तर नातं तुटलं. तिनं स्वतःकडे दुमडलं. “नातसूनबाई, हातावर पाणी घाल.”