तेशिकसाठी निरोप

पैजेवर सांगतो, यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. व्हिएतनामच्या लढाईत आमच्या कोरियन जवानांसाठी जे रेडिओ केंद्र होतं, तिथला निवेदक मी! मी बोलायला लागलो की जंगलातले डाससुद्धा चावायचं सोडून ऐकत बसायचे. गावाकडून आयांनी, बायकांनी टेपवर भरून पाठवलेले निरोप मी लावायचो, आणि त्यातला शब्दन् शब्द मला आजही पाठ आहे.

गावच्या म्हाताऱ्यांच्या खोलीत थंडीसाठी खालून तापवलेल्या फरशीवर बसून रताळी सोलणारी मंडळी खो खो हसली. "अहो थापाडे, काल काय जेवलात ते तरी आठवतंय का?"

फक्त माल्सुनवहिनी हसल्या नाहीत. त्यांचा नवरा तेशिक त्या लढाईतून परत आलाच नव्हता.

"भावजी, माझा निरोप लावला होतात? ऐकला का हो त्यांनी?"

"ऐकला म्हणजे? माझ्या शेजारी बसून ऐकला! तुम्ही म्हणालात, 'छपरावर मिरच्या वाळत घातल्यात, त्या उतरवायला तरी लवकर या.' गडी हसता हसता रडला हो, वहिनी!"

वहिनींनी हातातलं रताळं खाली ठेवलं.



"खोटं! निरोप भरायला माइकपुढे उभी राहिले, तेव्हा सासरे शेजारीच होते. लाजेनं माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही, तशीच घरी परत आले मी."