सातव्या गल्लीतला अडथळा

गोदामातल्या बिनचालक गाड्या माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. माझी बायको सातव्या गल्लीत खोकी भरायची. तिथेच ती कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. त्या सकाळी आमचा अबोला होता; तो सोडायचा राहूनच गेला.

तेव्हापासून प्रत्येक गाडी त्या रिकाम्या जागेपाशी थांबायची आणि वळसा घालून जायची.

"सेन्सर बदला," साहेब म्हणाले. मी दोनदा बदलले.

शेवटी भर दुपारी मीच तिथे जाऊन उभा राहिलो. "चुकलं गं माझं," म्हणालो.

गाड्यांना काय जाणवतं ते दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसलेली ऑपरेटर ओरडली, "दादा, इथे दोन माणसं दिसतायत! मधलं अंतर कमी होतंय. तुम्ही सरकताय का?"

मी जागचा हललो नव्हतो.