सगळ्यात शेवटी नाम

"ब्यूटिफुल, बिग, ओल्ड, राऊंड, ब्राऊन, इंडियन, वुडन," अण्णा म्हणाले आणि थांबले.

अबोलीच्या हातातलं चित्र टेबलाचं होतं. टेबल काही आलं नाही.

विशेषणं मात्र सगळी आली आणि क्रमाने आली. एखादं मागेपुढे झालं असतं तर अण्णांनी स्वतःचेच मार्क कापले असते. माधवनगरच्या शाळेत त्यांनी पोरांच्या पिढ्यांकडून हा क्रम तालावर घोकून घेतला होता. मत, माप, वय, घाट, रंग, गाव, माल, सगळ्यात शेवटी नाम. त्यातली बरीच पोरं पुढे तासगावात बेदाण्याचे सौदे करू लागली. मालाचं वर्णन आम्ही अजून त्याच क्रमाने करतो, असं ती निदान अण्णांना भेटल्यावर तरी सांगत.

झटका आला त्यात उजवा हात गेला, घरातली मराठी गेली आणि वर्गातलं इंग्रजी राहिलं. तेही अर्धं. मेंदूचा कोणता भाग गेला ते डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. नामं तिथे ठेवलेली असावीत, असं अण्णांच्या बायकोने, प्रमोदिनीबाईंनी, समजून घेतलं. क्रियाविशेषणं जागेवर होती. "क्विकली, हिअर, नाऊ," म्हणजे चहा.

"आता मला विचार," प्रमोदिनीबाईंनी खुर्ची अण्णांच्या समोर ओढली.

"काकू, आज नको. आज ते दमलेत," अबोली म्हणाली. वाचा परत आणायला ती रोज घरी यायची. मुलगी हुशार होती, आणि खोटं बोलायची सवय तिला अजून लागली नव्हती.

"टेबल राहू दे गं. टेबलाला काही वाटत नाही. यांना मी कोण ते कळतंय का, एवढंच मला बघायचंय."

दाराशी कामाला येणारी राहीबाई लसूण सोलत बसली होती. तिने हात थांबवला.

अबोलीने बोट दाखवलं. "अण्णा, या कोण?"

अण्णांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ब्यूटिफुल," ते म्हणाले.

एवढं इंग्रजी सगळ्या सांगलीला कळतं. तरी प्रमोदिनीबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"सुंदर म्हणाले, काकू."

"मघाशी टेबलालाही तेच म्हणाले."

"स्मॉल, ओल्ड, राऊंड..."

"राऊंड म्हंजी गोल न्हवं?" राहीबाईने पदर तोंडाला लावला.

"झालेय आता गोल, तर झालेय. त्यांना पुढे बोलू दे."

"...इंडियन," अण्णा म्हणाले आणि थांबले. फळ्यावरची ओळ वाचता वाचता मध्येच कुणी पुसावी, तसे ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

प्रमोदिनीबाई वाट बघत होत्या. बाहेर भाजीवाला ओरडून गेला.

"काकू," अबोलीने हळूच विचारलं, "ते तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?"

"हाक? 'अगं' म्हणायचे. कधी 'ऐकलंस का'. शाळेतलं कुणी आलं की 'आमची मंडळी'."

"आणि नाव?"

"नाव कशाला घेतील? घरात दुसरी बाई नव्हती."

"आवं ताई, आमचं मालक धडधाकट हायती, उसाला पाणी पाजत्यात," राहीबाई म्हणाली, "पर माझं नाव इचारा. रेशन कारडावर बघून सांगतील."

"लग्नात तरी घेतलं असेल ना?"

"ठेवलंच मुळी त्यांनी. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं. पण लिहिलं. वाचलं भटजींनी."

अबोलीने टेबलाचं चित्र बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आपण पहिलं अक्षर देऊन बघू. कधीकधी बाकीचं त्याच्या मागून येतं. तुम्हीच द्या."

नवऱ्यासमोर स्वतःचं नाव घ्यायची वेळ प्रमोदिनीबाईंवर कधी आली नव्हती. त्यांनी पदर सारखा केला. घसा साफ केला.

"प्र," त्या म्हणाल्या.

"प्रिटी," अण्णा म्हणाले.

अबोलीने मान खाली घातली. राहीबाई या वेळी हसली नाही.

"प्र... मो..."

अण्णांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावरची शीर फुगली.

"प्रमोदिनी."

स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता. आवाजही जुना, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा.

"आवं काकी, घेतलं की वो!" राहीबाई उठून उभी राहिली. तिच्या मांडीवरच्या पाकळ्या फरशीवर सांडल्या.

प्रमोदिनीबाईंचा हात तोंडावर गेला होता. डोळे भरले होते, त्यामुळे अण्णा आपल्याकडे बघत नाहीत हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. अण्णा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. नजर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरत होती. एक रांग झाली की दुसरी.

"प्रमोदिनी," ते पुन्हा म्हणाले. हजेरीला कुणी उत्तर दिलं नाही की मास्तर चिडतो, तसे ते आता चिडले होते.

अबोली काहीतरी बोलणार होती. प्रमोदिनीबाईंनी हातानेच तिला थांबवलं. गुडघ्यावर हात टेकून त्या खुर्चीतून उठल्या आणि सरळ उभ्या राहिल्या.

"हजर," त्या म्हणाल्या.

अण्णांनी त्यांच्याकडे न बघता डावा हात खाली केला. बस.

त्या बसल्या.