उतरलेली तार

दीपक आमचं न ऐकता मस्कतला गेला, तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते. दोघांचे निरोप पोचवून पोचवून मी दमले होते. तो तिथे ऊद नावाचं अरबी तारांचं वाद्य शिकतोय, एवढं मी यांच्या कानावर घातलं. यांनी धाड गावच्या सुताराकडून सागवानाच्या पट्ट्या आणल्या आणि मोबाइलवर बघून, त्या वाकवून तसंच वाद्य घरी बनवलं. पण सुरात लावता येईना, तेव्हा दीपकला फोन करावाच लागला.

आता दर रविवारी एक तार उतरलेली असते.

"खुंटीले खडू लावा ना, बाबा," दीपक म्हणतो.

"लावला बे. उन्हानं लाकूड ढिल्लं पडते."

मग तो तिकडून सूर देतो, हे इकडे खुंटी पिळतात, आणि मधेच जेवला का, तेही विचारून घेतात.

दुपारी हे झोपले की खुंटी हळूच सैल करायचं काम माझं.

या रविवारी मी तापानं पडून होते, खुंटीला हातही लावला नव्हता.


मी झोपले का, हे दारातून बघून यांनी हळूच खुंटी सैल केली आणि दीपकला फोन लावला.